सत्याऐंशी टक्के म्हणजे कुठल्या शंभरातले?

पत्र असं आहे:

"आमचं पहिलंच बाळ. पत्नीला एकतिसावा आठवडा चालू आहे. विसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाची डावी बाजू लहान दिसली, मग फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) झाला आणि 'हायपोप्लास्टिक लेफ्ट हार्ट' असं निदान आलं. तेव्हापासून तिघांनी तीन आकडे सांगितले. इको करणाऱ्या डॉक्टर म्हणाल्या, पन्नास-पन्नास समजा. हृदयाचे सर्जन म्हणाले, आमच्याकडची सत्याऐंशी टक्के बाळं घरी जातात. माझी बहीण नर्स आहे, तिने वाचून सत्तर सांगितले. पत्नी विचारते, यातलं खरं कोण बोलतंय? आणि बाळाचे कपडे घ्यायचे की थांबायचं? दोन्हींवर मी गप्प बसलो. – एक होणारा बाप"

तिघंही खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. फरक एवढाच की प्रत्येकाने मोजायला सुरुवात वेगळ्या जागेवरून केली आणि थांबले ते वेगळ्या जागी. टक्केवारी ऐकली की आधी दोन गोष्टी विचारायच्या: कुठल्या शंभरातले, आणि कधीपर्यंत.

एक हिशोब मांडू. या आजारात टप्प्याटप्प्याने तीन शस्त्रक्रिया होतात. आकडे फक्त समजावण्यापुरते घेतले आहेत, कुठल्या रुग्णालयाचे नाहीत. समजा, हाच आजार असलेली १०० बाळं जिवंत जन्मली. त्यातली ८ शस्त्रक्रियेपर्यंत पोचलीच नाहीत. उरलेल्या ९२ जणांची पहिली शस्त्रक्रिया झाली आणि ८० घरी गेली. घरी गेल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेआधी ८ दगावली, राहिली ७२. पहिल्या वाढदिवसाला ७० होती. आता पाहा. जन्मापासून मोजलं तर वर्षाअखेर ७० टक्के. हा तुमच्या बहिणीचा आकडा. शस्त्रक्रियेपासून घरी जाण्यापर्यंत मोजलं तर ९२ पैकी ८०, म्हणजे ८७ टक्के; हा सर्जनचा. घरी गेलेल्यांपैकी वर्षाचे झालेले ८० पैकी ७०, म्हणजे साडेसत्याऐंशी, जवळपास तेवढेच. आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेपर्यंत पोचलेल्यांपैकी वर्षाचे झालेले ७२ पैकी ७०, म्हणजे ९७. बाळं तीच, आजार तोच.

पन्नासचा आकडा येतो पोटातल्या निदानापासून मोजल्यावर. तेव्हा शंभरात पोटातच दगावलेली बाळं येतात, गुणसूत्रांचे दोष असलेली येतात, आईवडिलांनी शस्त्रक्रिया न करण्याचं ठरवलेली येतात. शिवाय कुणी वर्षापर्यंत न थांबता पौगंडावस्थेपर्यंत मोजत असेल तर आकडा आणखी खाली सरकतो. इको करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पन्नास म्हणजे कधीपर्यंत? बऱ्याचदा या एका प्रश्नावर गाठ सुटते.

आकडे कुठल्या काळातले, हेही पाहावं लागतं. अमेरिकेत अटलांटा शहराच्या परिसरात जन्मलेल्या, गंभीर जन्मजात हृदयदोष असलेल्या सगळ्या बाळांची मोजदाद २०१३ साली प्रसिद्ध झाली. १९७९ ते १९९३ मध्ये जन्मलेल्यांपैकी वर्षभर जगलेली सुमारे ६७ टक्के होती, १९९४ ते २००५ मध्ये जन्मलेल्यांत ती सुमारे ८२ टक्के झाली. दोन्ही कालखंड एकत्र करून काढलेला आकडा आजही सगळीकडे फिरतो, पण तो ना जुन्या बाळांना लागू पडतो ना आजच्या.

आणि 'गंभीर हृदयदोष' ही एकच पोतडी नव्हे. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झाली असेल (ट्रान्सपोझिशन), तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्या जागच्या जागी लावण्याची शस्त्रक्रिया होते आणि अनुभवी केंद्रांत ९५ टक्क्यांहून अधिक बाळं त्यातून बाहेर पडतात. हीच शस्त्रक्रिया १९७५ साली साओ पावलोत अदिब जातेने यांनी प्रथम यशस्वी केली, उपचाराविना हा आजार बहुतेक बाळांना वर्षही काढू देत नाही. महाधमनी एका जागी चिमटलेली असेल आणि बाकी हृदय ठीक असेल तर निकाल आणखी चांगले. तुमच्या बाळाचा दोष या यादीत अवघड टोकाला आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाळाचा आकडा आपल्याला लावू नका, चांगला असला तरी आणि वाईट असला तरी.

या आजारासाठी सगळ्यात शिस्तीत गोळा केलेला आकडा उत्तर अमेरिकेतल्या १५ केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीतला आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेला. ५४९ बाळांवर नॉरवुड (या आजारातली पहिली) शस्त्रक्रिया झाली. फुप्फुसाकडे रक्त नेणारी नळी दोन प्रकारे बसवता येते. एका प्रकारात १२ महिन्यांनी हृदयप्रत्यारोपणाशिवाय जिवंत असलेली बाळं ७४ टक्के होती, दुसऱ्यात ६४ टक्के. पुढच्या वर्षांत हे अंतर बरंचसं मिटलं, त्यामुळे 'कुठली नळी' यावर जीव टांगू नका, तो निर्णय सर्जनचा. घरगुती हिशोबासाठी मात्र पक्कं धरा: शस्त्रक्रियेपासून एक वर्ष, साधारण तीनात दोन ते चारात तीन. आज चांगल्या केंद्रांचे निकाल याहून बरे असतात.

आता हा धोका नेमका कुठे बसलेला आहे ते पाहू, कारण तो वर्षभर सारखा पसरलेला नसतो.

पोटात असताना बाळाला बहुधा काही होत नाही. डावा कप्पा नसल्यासारखाच असला तरी उजवा कप्पा रक्त ढकलतो आणि ते डक्टस नावाच्या जोडनळीतून महाधमनीत जातं. जन्मल्यावरही पहिले काही तास बाळ गुलाबी दिसू शकतं, रडतं, दूधही पितं. मग डक्टस आकसू लागते, साधारण २४ ते ७२ तासांत. निरोगी बाळात ती बंद व्हायलाच हवी. तुमच्या बाळात ती बंद झाली की सगळ्या शरीराचा रक्तपुरवठा तुटतो. ही बाळं निळी पडण्याआधी राखाडी पडतात: पाय गार, नाडी लागत नाही, श्वास भराभर, लघवी नाही, रक्तात आम्ल साठतं. निदान न होता घरी गेलेलं बाळ याच अवस्थेत परत येतं, आणि मूत्रपिंड, आतडी, मेंदू यांना मार बसल्यावर मग शस्त्रक्रियेचा धोका कितीतरी वाढतो. तुम्हाला निदान आधी कळलं, त्याचा खरा उपयोग इथे आहे.

डक्टस उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून सतत द्यावं लागतं. आधीच निदान झालेल्या बाळाला थोडं पुरतं: दर किलोला मिनिटाला ०.०१ ते ०.०५ मायक्रोग्रॅम. डक्टस मिटून बाळ शॉकमध्ये गेलं असेल तर ०.०५ ते ०.१. औषध फुप्फुसातून एकदा फिरलं की बहुतांश नष्ट होतं. सुई निसटली, पंपाची बॅटरी संपली, सिरिंज बदलताना वेळ गेला, तर साठा काहीच नसतो. म्हणून अशा बाळाला दोन शिरा लावलेल्या असाव्यात, दुसरी राखीव. दहातल्या एखाद्या बाळाचा श्वास या औषधाने अडतो, कमी वजनाच्या बाळात जास्त. त्यामुळे श्वासनळी घालता येणारं माणूस जवळ लागतं. ताप येणं, अंग लालसर होणं, रक्तदाब उतरणं हेही होतं. ताप आला म्हणजे जंतुसंसर्गच असं नाही, पण तो नाही हे तपासून ठरवायचं असतं.

इथे चांगल्या हेतूने होणारी एक चूक सांगायलाच हवी. बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८० दिसलं की कुणीही ऑक्सिजन लावायला धावतो. या बाळांत तो घातक ठरू शकतो. ऑक्सिजनने फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावतं आणि शरीराच्या वाट्याचं कमी होतं. आकडा ९५ होतो आणि बाळ खालावतं. शस्त्रक्रियेआधी ७५ ते ८५ हेच अपेक्षित. प्रसूतीच्या खोलीत जे जे हजर असतील त्यांना हे आधीच माहीत असावं, फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं असावं.

म्हणून प्रसूती कुठे, हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा निर्णय. हृदयशस्त्रक्रिया होते त्याच रुग्णालयात किंवा त्याला चिकटून असलेल्या प्रसूतिगृहात व्हावी. आईच्या पोटातून प्रवास करणं हा बाळासाठी सगळ्यात सुरक्षित प्रवास. घर लांब असेल तर सदतिसाव्या आठवड्यापासून जवळ राहायला जा. केवळ हृदयासाठी सिझेरियन लागत नाही. घाईने लवकर काढणंही नको. हृदयदोष असलेल्या बाळांत ३९ व्या आठवड्यात जन्मलेल्यांचे निकाल ३७-३८ आठवड्यांच्या बाळांपेक्षा चांगले दिसले आहेत. "लवकर काढून लवकर उपचार" हे ऐकायला बरं वाटतं, पण फुप्फुसं, मेंदू आणि वजन यांची किंमत मोजावी लागते. आईचं किंवा बाळाचं दुसरं काही कारण असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या बाळाचा आकडा सरासरीच्या वर की खाली, हे काही गोष्टींवरून ठरतं आणि त्यातल्या बऱ्याच आत्ताच कळू शकतात. पुढच्या फीटल इकोला जाताना हे विचारा. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं: वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीतलं छिद्र पुरेसं मोठं आहे का? फुप्फुसातून डाव्या बाजूला आलेलं रक्त त्या छिद्रातूनच उजवीकडे येतं. ते छिद्र बंद किंवा अगदी बारीक असेल तर रक्त फुप्फुसात तुंबतं, जन्मल्यावर काही तासांत ते उघडावं लागतं, आणि पोटातच फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असल्याने जगण्याचं प्रमाण बरंच खाली येतं. असं असेल तर प्रसूतीच्या दिवशी कॅथ लॅबची (शिरेतून नळी घालून हृदयावर उपचार करणारी) टीम सज्ज ठेवून बेत आखावा लागतो. दुसरं, उजव्या कप्प्याची झडप गळते का? आयुष्यभर तोच कप्पा एकटा काम करणार आहे. तिसरं, कप्प्याचं आकुंचन कसं आहे? चौथं, गुणसूत्रांची तपासणी झाली का? मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र नसणं) बघितलेला असावा. मूत्रपिंडं, मेंदू आणि बाकीचे अवयव सोनोग्राफीत नीट पाहिलेले असावेत. पाचवं, बाळाची वाढ. जन्मवजन अडीच किलोच्या खाली किंवा ३७ आठवड्यांआधी जन्म, या दोन गोष्टी धोका ठळकपणे वाढवतात. कारण साधं आहे: तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम पाव लिटर असतं, दीड-दोन किलोत त्याहून कमी, आणि शिवायच्या धमन्या काही मिलिमीटरच्या.

या पाचांची उत्तरं चांगली आली तर पन्नासचा आकडा तुमच्या बाळाचा नाही. दोन-तीन वाईट आली तर सत्याऐंशीचाही नाही.

नॉरवुड बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात होते. उजव्या कप्प्याला शरीराचा मुख्य पंप करतात, बारीक महाधमनी मोठी करून नव्याने बांधतात, वरच्या कप्प्यांमधली भिंत काढतात आणि फुप्फुसाला मोजून रक्त मिळावं म्हणून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास व्यासाची (किंवा दुसऱ्या प्रकारात पाच-सहा मिलिमीटरची) नळी बसवतात. शस्त्रक्रिया 'उत्तम झाली' हे ऐकून सुटकेचा श्वास टाकू नका, कारण नंतरच्या सहा ते अठरा तासांत हृदय आणखी मंदावतं. छातीचं मधलं हाड मुद्दाम उघडं ठेवून वर पडदा लावलेला असतो, सुजलेल्या हृदयाला जागा मिळावी म्हणून. ते पाहून घाबरू नका, ठरवूनच केलेलं असतं. पहिले दोन दिवस लघवी किती होते आणि लॅक्टेट (रक्तात साठणारं आम्ल) उतरतंय का, हे दोन आकडे नर्सला विचारा. रक्तदाबापेक्षा ते जास्त सांगतात. नळीत गुठळी होणं, हृदयाचे ठोके बिघडणं, संसर्ग, आतड्याला इजा, ही नेहमीची विघ्नं. हृदय अजिबातच साथ देत नसेल तर एक्मो यंत्र लावतात, ते काही दिवस हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करतं. एक्मो लागलेल्या नवजात हृदयरोगी बाळांपैकी घरी जाणारी अर्ध्याहून थोडी कमी असतात, म्हणजे ती पायरी कठीण आहे, पण शेवट नव्हे.

आता ज्याबद्दल कमी बोललं जातं ते. शस्त्रक्रियेनंतर घरी जायचं आणि चार ते सहा महिन्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेला (ग्लेन) यायचं, या मधल्या काळात वरच्या चाचणीत घरी गेलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के बाळं दगावली. रुग्णालयातून सुखरूप सुटलेली, आईवडिलांना धोका टळला असं वाटलेली. एका बारीक नळीवर आणि एका कप्प्यावर सगळं तोललेलं असतं. साधी सर्दी, दोन जुलाब, एक दिवस दूध कमी, एवढ्यानेही तोल जाऊ शकतो. बाळ कोरडं पडलं की रक्त दाट होतं आणि नळी बुजते.

यावर उपाय सापडला तो घरातल्या वजनकाट्यात. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या डॉक्टरांनी रोज वजन आणि सॅच्युरेशन मोजायला लावायची पद्धत सुरू केली, तिचे निकाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी एकत्र येऊन ती आणि तिच्यासोबतची शिस्त उचलली तेव्हा या मधल्या काळातलं मृत्यूचं प्रमाण साडेनऊ टक्क्यांवरून सव्वापाचच्या आसपास आलं. शस्त्रक्रिया तीच, फरक पडला घरातल्या लक्षाने.

तेव्हा घरी जाण्याआधी १० ग्रॅमपर्यंत फरक दाखवणारा बाळाचा काटा आणि नवजात बाळाचा ऑक्सिमीटर घ्या, आणि रुग्णालयात असतानाच नर्ससमोर वापरून बघा. वजन रोज एकाच वेळी, उघड्या अंगाने, दूध पाजण्याआधी. सॅच्युरेशन बाळ शांत असताना. पाजलेलं दूध मिलिलिटरमध्ये वहीत. फोन करायच्या खुणा बहुतेक केंद्रांत अशा: सॅच्युरेशन ७५ च्या खाली किंवा ९० च्या वर, दिवसात वजन ३० ग्रॅमने उतरलं, तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही, दिवसभराचं दूध किलोमागे १०० मिलिलिटरच्या खाली, उलट्या, जुलाब, ताप, पिताना कपाळावर घाम, एका पाजणीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ, विनाकारण सतत किरकिर. ९० च्या वरचा आकडा पाहून आनंद होतो, पण त्याचा अर्थ फुप्फुसात जास्त रक्त जातंय. तुमच्या केंद्राचे आकडे थोडे वेगळे असतील तर त्यांचेच पाळा. ॲस्पिरिन कुणीही 'पोटाला त्रास होईल' म्हणून बंद करू नये. इतर कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर 'नॉरवुड झालेलं बाळ' हे पहिलं वाक्य. दोघांनीही बाळाचं सीपीआर शिकून घ्या: दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेने, छाती सुमारे चार सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२०, एकटे असाल तर तीस दाबांनंतर दोन श्वास.

ग्लेननंतर धोका ठळकपणे उतरतो. वरच्या हिशोबातली ७२ पैकी ७० ही पायरी तीच. तिसरी शस्त्रक्रिया, फॉन्टन, दोन ते चार वर्षांच्या वयात. त्यानंतर मूल शाळेत जातं, खेळतं, पण हृदय एका कप्प्यावर चालतं. यकृतावर ताण, लवकर दमणं, शिकण्यात थोडी मदत लागणं, कधीतरी प्रत्यारोपणाचा प्रश्न, हे आयुष्यभर सोबत असतं. कुणी 'तीन शस्त्रक्रिया झाल्या की बरं' असं सांगितलं तर तेवढ्यापुरतं ते चूक आहे.

रुग्णालय निवडताना लाजू नका. गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे किती नॉरवुड झाल्या? त्यातली किती बाळं घरी गेली? निदान होऊन शस्त्रक्रियेआधीच किती गेली? घरी गेलेल्यांपैकी किती ग्लेनपर्यंत पोचली? वर्षाला २० हून जास्त नॉरवुड करणाऱ्या केंद्रांत मृत्यू कमी दिसतात, पण फक्त संख्येवर जाऊ नका. रात्री दोन वाजता एक्मो लावता येतो का, लहान मुलांच्या हृदयाचा वेगळा आयसीयू आहे का, घरी गेल्यावर फोन कुणाला करायचा त्याचं नाव ठरलेलं आहे का, हेही विचारा. चांगले सर्जन या प्रश्नांनी चिडत नाहीत.

आणि छोट्या आकड्यांपासून जपा. कुणी म्हणालं, 'आमच्या गेल्या दहा केसेसमध्ये एकही मृत्यू नाही', तर एक सोपा ठोकताळा लावा: तीनाला केसेसच्या संख्येने भागा. १० केसेस असतील तर खरा धोका ३० टक्क्यांपर्यंतही असू शकतो. ६० केसेस आणि शून्य मृत्यू असतील तर तो ५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणजे दहांतला शून्य आणि साठांतला शून्य एकसारखा नव्हे.

एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारलेली नाही, पण कुणीतरी सांगायला हवी. शस्त्रक्रियेविना बहुतेक बाळं काही दिवसांत ते आठवड्यांत जातात. काही आईवडील, विशेषतः वरच्या पाचपैकी बरीच उत्तरं वाईट आली तर, शस्त्रक्रिया न करता बाळाला वेदना आणि धाप होणार नाही अशी काळजी घेत कुशीत ठेवायचं ठरवतात. त्यात डॉक्टर साथ देतात, ती उपेक्षा नव्हे. तुम्ही कुठलाही मार्ग घ्या, जन्माच्या दिवशी गोंधळात घेण्यापेक्षा आत्ता दोघांनी बसून बोलून घ्या, आणि नंतर मत बदलता येईल का तेही विचारून ठेवा.

पत्नीच्या मनात 'माझ्यामुळे झालं का' असेल तर, बहुतेक बाळांत काही एक कारण सापडतच नाही. हृदयाची घडण आठव्या आठवड्यापर्यंत बरीचशी झालेली असते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं जेमतेम कळलेलं असतं. डाव्या बाजूचे दोष काही घरांत पुन्हा दिसतात, म्हणून तुम्ही दोघांनी सवडीने एकेक इको करून घ्या. घाई नाही.

ज्यांच्या सोनोग्राफीत काही दिसलेलं नाही अशा वाचकांसाठी दोन ओळी. जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताचं आणि एका पायाचं सॅच्युरेशन बघायची तपासणी विचारून करून घ्या. दोन्ही ९५ किंवा वर आणि फरक ३ पेक्षा जास्त नाही, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली तर लगेच डॉक्टर, मधलं काही असेल तर तासाने पुन्हा. अमेरिकेत ज्या राज्यांनी ही तपासणी सक्तीची केली तिथे गंभीर हृदयदोषाने होणारे अर्भकमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. साधारण चारातला एक दोष मात्र तिच्यातून निसटतो, विशेषतः महाधमनीचा चिमटा, त्यामुळे तपासणी चांगली आली तरी पायातली नाडी हाताने बघणं सुटत नाही.

कपड्यांबद्दल: घ्या. फक्त डोक्यातून घालायचे नकोत. समोरून पूर्ण उघडणारे, बांधायचे बंद किंवा बटणं पुढे असलेले घ्या, म्हणजे तारा आणि नळ्या लावलेल्या असतानाही घालता येतील आणि छातीच्या टाक्यांवर काही ओढलं जाणार नाही. नवजात मापाचे तीन-चार पुरेत; पहिला बराचसा वेळ बाळ आयसीयूत उघडं असेल आणि घरी येताना ते माप जेमतेम बसेल. टोपी आणि मोजे मात्र भरपूर, तेवढे आयसीयूतही घालू देतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे बाळाला काखेत धरून उचलायचं नाही. एक हात मानेखाली, एक बुडाखाली, असं ओंजळीत घेतल्यासारखं उचलायचं. हे आत्तापासून बाहुलीवर दोघांनी करून पाहिलंत तरी चालेल.